अर्धी बाग, धाकट्या जावेच्या नावे

मी, खाली सही करणारी बाई, वय चौऱ्याहत्तर, धंदा द्राक्षं पिकवणं आणि त्यांची वाइन करणं, आज आपल्या स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून, कोणाच्याही दडपणाला न जुमानता, हे लिहून ठेवते. माझं डोकं ठिकाणावर आहे. वकीलसाहेब समोरच बसले आहेत. वाइनवाल्या बाईचं मृत्युपत्र म्हणून त्यांनी आधी माझ्या पेल्यात नाक घालून पाहिलं. पाणी होतं.

परवा माझ्या हृदयाचं ऑपरेशन आहे. डॉक्टर म्हणतात, काळजीचं कारण नाही. पण हे म्हणताना ते माझ्याकडे न बघता भिंतीकडे बघतात, म्हणून हा खटाटोप.

कलम १. माझं राहतं घर, बँकेतली शिल्लक आणि गाडी हे सर्व माझ्या एकुलत्या एका मुलास मिळावं. घराचं छप्पर मागच्या बाजूला गळतं, तेही त्यातच आलं. शिवणयंत्र सूनबाईला द्यावं. तिने ते मागितलं नाही, पण येता-जाता त्याच्यावरून हात फिरवते ते मला दिसतं.

कलम २. उतारावरच्या द्राक्षबागेत निम्मा हिस्सा माझा आणि निम्मा माझ्या धाकट्या जावेचा आहे. आमचे नवरे गेल्यावर तो तसा आमच्या नावावर झाला. माझा संपूर्ण हिस्सा, तळघरातली पिंपं आणि रस काढायच्या यंत्रासह, मी माझ्या धाकट्या जावेस देत आहे.

मुला, खुर्चीवरून उठू नकोस, पुढे ऐक. तुझं फरशांचं दुकान छान चाललंय, मला तुझं कौतुकच आहे. पण बाग तुला दिली तर तू ती विकशील. घेणारा मधोमध कुंपण घालील. मग तुझ्या काकूकडे उरेल अर्धी बाग, आणि अर्ध्या बागेच्या द्राक्षांत पिंप काठोकाठ भरत नाही. पिंप अर्धं राहिलं की आत हवा साचते आणि वाइन आंबून तिचं व्हिनेगर होतं. म्हणजे निम्मी बाग गेली की सगळीच गेली. शिवाय तू माझ्या वाइनमध्ये बर्फ टाकतोस. तेव्हा पाहुणे होते म्हणून जीभ चावून गप्प बसले. आता लिहून ठेवते.

कलम ३. हिलाच का, याचा खुलासा. वकील म्हणतात, कायद्याला खुलासा लागत नाही. मला लागतो.

ही घरात आली तेव्हा आम्ही एकमेकींना पाण्यात पाहायचो. मी मोठी, घर माझं, आणि ही येते काय नि माझी भांडी हलवते काय! नवरे तेव्हा द्राक्षं पेट्यांत भरून विकायचे. एका वर्षी व्यापारी फिरकलाच नाही. पेट्या ओसरीत, घरभर माश्या, आणि आमचे दोघे शूर नवरे डोक्याला हात लावून बसलेले. ही एकदम म्हणाली, "ताई, कपडे धुवायचा टब घासून देता का?" आणि पदर खोचून आत उतरली. मी बघत राहिले, आणि मग मीही उतरले. इतक्या रागाने द्राक्षं कोणी तुडवली नसतील. जे निघालं ते प्यायला धीर लागत होता, पण ती वाइनच होती!

तेव्हापासून दर वर्षी तोडणीवरून आमचं भांडण. मी आभाळ बघते आणि म्हणते, "अगं, उद्याच तोडूया." ती एक मणी तोंडात टाकते, बी दाताखाली फोडते आणि म्हणते, "बी अजून हिरवी आहे, कडू लागतेय. नाही म्हणजे नाही." एकदा मी हट्टाने लवकर तोडलं. ती वाइन पिऊन गल्लीचे दात आंबले. एकदा तिचं ऐकून थांबलो, तर सगळी बाग पक्ष्यांनी फस्त केली. बाकीच्या वर्षी आम्ही दोघी थोड्या थोड्या हरलो, आणि तीच वाइन लोकांनी मागून मागून नेली.

मला यातून काय मिळालं ते मुलाने एकदा विचारलं होतं. हे मिळालं: रस आंबायला लागला की पिंपाला कान लावायचा, आत बारीक चुरचुर ऐकू येते. मी ती ऐकताना अजूनही लहान मुलीसारखी खुळावते. जांभळे हात घेऊन बँकेत गेलं की कारकून दचकतो, त्याची मजा येते. आणि चव बघायचा दिवस. घोट तोंडात घोळवायचा आणि थुंकायचा, नाहीतर तिसऱ्या पिंपापर्यंत माणूस गाणी म्हणायला लागतं. घरच्या माणसांदेखत आम्ही कधी मोठ्याने हसलोही नव्हतो, आणि तळघरात दोघी मिळून एका बादलीत थुंकतो. एका बादलीत थुंकणाऱ्या जावांमध्ये मान-अपमान फार काळ टिकत नाहीत. मला बहीण नव्हती. ही मिळाली.

कलम ४. कोपऱ्यावरच्या फर्निचरवाल्याने चारचौघांत माझ्या वाइनला खोकल्याचं औषध म्हटलं होतं. त्याला एक बाटली आणि एक चहाचा चमचा द्यावा.

कलम ५. माझ्यामागे कोणी लांब चेहरे करून बसू नये. तळघरातलं उजवीकडचं पिंप उघडावं आणि सर्वांना पोटभर द्यावं. बर्फ मिळणार नाही.

वरील मजकूर वकिलांनी सर्वांसमोर मोठ्याने वाचून दाखवला, मी ऐकला, तो मला मान्य आहे.

ठिकाण: आमचं स्वयंपाकघर, खिडकीजवळचं टेबल.
तारीख: तोडणीच्या महिन्याची तीन.
लिहून ठेवणारी: (सही)
साक्षीदार पहिले: दातांचे डॉक्टर (सही)
साक्षीदार दुसरे: बेकरीवाले यायचे होते, पण भट्टी सोडून निघता येईना.

यापुढचं वकिलांच्या सांगण्यावरून लिहिते आहे, कारण घडलं ते नोंदवायला हवं.

जाऊ उठली, डोळे लाल, आवाज चढलेला. "ताई, हे काय लिहिलंत? पोराचं काढून मला देताय? आणि मी एकटीने काय करू त्या बागेचं? भांडू कोणाशी?" मी म्हटलं, "अगं, बाग वाचेल." ती म्हणाली, "चुलीत गेली बाग." आणि पेन उचललं.

वकील घाईघाईने म्हणाले, "बाई, तुम्ही सही करू नका. ज्याला मृत्युपत्रातून काही मिळतं, त्यानेच साक्षीदार म्हणून सही केली तर त्याचं मिळणं रद्द होतं, आणि हा हिस्सा मग मुलाकडे जाईल."

"नक्की?" तिने विचारलं.

"नक्की."

तिने सही केली. चांगली ठसठशीत, कागद फाटेल इतकी दाबून. मग पेन माझ्यापुढे ठेवलं आणि म्हणाली, "आता बाग वाचवायची असेल तर ऑपरेशन करून सरळ घरी यायचं, ताई. दुसरा इलाज मी ठेवलेला नाही."

साक्षीदार दुसरी: धाकटी जाऊ (सही)