पत्ता ठाऊक नाही

गुरुवार, १४ नोव्हेंबर

प्रिय धाकटीस, ताईचे अनेक आशीर्वाद.

कशी आहेस? तुझ्या अहोंची पाठ बरी आहे ना? गरम पाण्याची पिशवी घ्या म्हणावं, नुसतं कण्हून काय होणार! मी मजेत. मजेत कसली, पण पत्रात असंच लिहायचं असतं.

माझं टायपिंग चालू आहे. पहिल्याच दिवशी वकीलसाहेबांनी मला एक वही दिली होती, डावीकडे लॅटिन शब्दांचं स्पेलिंग, उजवीकडे अर्थ. आता साहेबच मला विचारतात. ज्युनिअर अजून 'बोना फाइडी'च्या शेवटी वाय ठोकतो. म्हटलं, "अहो, अर्थ 'प्रामाणिकपणे' असा आहे, निदान हा शब्द तरी प्रामाणिकपणे लिहा!" सगळे हसले.

आता किती आढेवेढे घेऊ? काल साहेबांनी पालकत्वाचा एक अर्ज टाइप करायला दिला. लॅटिन फार, म्हणून माझ्याकडेच आला. वरच 'इन लोको पॅरेन्टिस'. आईबापांच्या जागी. त्याखाली तुझं नाव, अहोंचं नाव, आणि मग आपल्या भिंगरीचं.

तीनतीनदा वाचलं गं. तुम्ही धरलेला वकील म्हणजे माझाच साहेब, हे तुला कुठून माहीत असणार! आणि मला मुलगी आहे हे त्यांना माहीत नाही. लेकुरवाळ्या विधवेला कोणी कामावर घेईना, म्हणून नोकरी मागताना मी 'एकटीच आहे' म्हणाले होते. अर्जात माझं सासरचं नाव आहे, ऑफिसात माहेरचं.

दुसऱ्या पानावर लिहिलंय, 'मुलीची आई बेपत्ता आहे, पत्ता ठाऊक नाही.' म्हणून निकाल 'एक्स पार्टे' द्यावा, म्हणजे दुसरी बाजू न ऐकताच. धाकटे, ती दुसरी बाजू मी आहे! भिंगरीच्या वाढदिवसाला पाठवलेला पिवळा फ्रॉक तू माझ्या खोलीवर परत धाडलास. पिनकोडसुद्धा बरोबर होता. मग पत्ता ठाऊक नाही कसा?

ते वाक्य मी माझ्या हातानं टाइप केलं. एकही चूक नाही.

तुझा राग खोटा नाही. भिंगरीला सहा महिन्यांसाठी तुझ्याकडे ठेवते म्हणाले आणि चार वर्षं झाली. नोकरी, खोली, सगळी कारणं सांगून झाली. खरं सांगितलं नाही. शेवटच्या खेपेला भिंगरी पडली, गुडघा फुटला. मी हात पसरले, आणि ती "आई गं" करत तुझ्याकडे धावली. त्यानंतर तुझ्या दाराकडे माझं पाऊलच उचलेना. दोन वर्षं तोंड लपवून बसले. चुकले, शंभरदा चुकले.

तिला दे म्हणत नाही. तुझ्याकडेच राहू दे, तुलाच आई म्हणू दे. पण मला बेपत्ता करू नकोस. मोठी होऊन तिनं तो कागद वाचला तर? मी जिवंत आहे गं!

तू फोन उचलत नाहीस म्हणून हे स्पीड पोस्टनं धाडतेय. अर्ज सोमवारी दाखल होईल. त्याआधी ते एक वाक्य काढायला साहेबांना सांग. नाही सांगितलंस तर सोमवारी सकाळी मीच त्यांच्यापुढे उभी राहीन, नोकरी गेली तर गेली. पण ते तुझ्या तोंडून यावं, एवढी भीक घाल.

भिंगरीला पापा. कोणाचा ते नाही सांगितलंस तरी चालेल.

पाकिटामागे पत्ता लिहिला आहे, मोठ्या अक्षरांत. या वेळी नीट वाच.

तुझीच, अजून त्याच खोलीत राहणारी,
ताई