हुसेनबीच्या ओट्यावरून

॥ श्री ॥
नारायणगुडा, हैदराबाद दक्षिण
२० डिसेंबर १९४८

चि. नरहर यास आजीचे अनेक आशीर्वाद, वि. वि.

तू पोचल्याचं कार्ड मिळालं. तीन ओळींतल्या दोन तुझ्या त्या डब्याच्या. प्रवासात त्याला धक्का लागला नाही म्हणे. तुला लागला का, ते लिहायचं राहिलं. कोठीच्या बाजारातून तो कॅमेरा घेऊन आलास तेव्हाच मी म्हटलं होतं, पोराला लग्नाआधीच संसार मिळाला.

इकडे सगळे खुशाल. तुझे आजोबा कानटोपी घालून दफ्तरातल्या जुन्या मंडळींबरोबर रोज सकाळी राज्य चालवतात. नव्या सरकारनं त्यांना अजून विचारलेलं नाही, एवढंच. हे पत्र तुझी आई लिहिते आहे. मी सांगेन तसंच लिही म्हणून बजावलंय, पण तिला माझं बोलणं धुवून वाळत घालायची खोड आहे. कुठे फार शहाणं वाक्य लागलं तर ते तिचं समज.

हिरपूरचे साधे, रोजचे फोटो काढायचे म्हणतोस, ते काढच. माझं माहेर मला डोळ्यांनी बघायचंय. मागच्या साली रझाकारांच्या धामधुमीमुळे जाता आलं नाही आणि यंदाचं हे असं. विहीर काढ, बाजार काढ, माझ्या भावाला काढ. मात्र हिम्मतला पोट आत घ्यायला सांगू नको, तेवढा वेळ तुझा डबा थांबायचा नाही. आणि हुसेनबीला काढ.

हुसेनबी म्हणजे विहिरीसमोरची मनियारीण. अख्ख्या गल्लीच्या बायकांना तीच बांगड्या भरते. माझ्या लग्नाचा चुडा तिच्या सासूनं भरला, तेव्हा ही शेजारी बसून शिकत होती. हिनं पहिली बांगडी भरली ती माझ्या हातात आणि दाबताना टिचून पहिली वाढवली तीही माझ्याच हातात. तेव्हापासून आम्ही दर साली भांडतो. भादव्यात राज्य बदललं, त्यानंतर तिची खबर नाही. हिम्मतला विचारलं की दर पत्रात तेच, ठीक आहे.

मला अक्षर येत नाही. पत्र म्हणजे माझ्यासाठी दुसऱ्यानं चावून दिलेला घास. फोटो सरळ माझ्या डोळ्यांत येतो. म्हणून म्हणते.

स्वेटर घाल. माया आहेच, ती पत्राच्या शेवटी मागून घ्यायला नको.

तुझी आजी
(सहीच्या जागी काजळाचं बोट)

हिरपूर
२७ डिसेंबर १९४८

ती. आजीच्या चरणी नरहरचा शि. सा. न. वि. वि.

आजी, हिरपुरात 'रोजचं' काही सापडतच नाही! मी डबा घेऊन निघालो की बातमी माझ्या पुढे धावते. लोहाराकडे गेलो तर तो कोट घालून भात्याशी बसलेला, थंडीतही घामाघूम. बाजारात भाजीवालीनं मेथीच्या जुड्या मागे लपवल्या आणि शेजारच्या दुकानातलं गजराचं घड्याळ मागून आणून मांडीवर ठेवलं. मामाआजोबांना म्हटलं, म्हैस पाणी पिताना फोटो काढू. तर त्यांनी तिला आंघोळ घातली, शिंगांना तेल लावलं आणि स्वतः शेरवानी घालून तिच्या शेजारी उभे राहिले. म्हशीनं पाणी प्यायलंच नाही.

फक्त विहिरीवरच्या बायकांचं माझ्याकडे लक्ष नव्हतं. तेवढा एक फोटो खरा. परभणीहून धुवून आलेले सगळे सोबत पाठवतो. हुसेनबी ठीक आहे. फिल्म संपली म्हणून तिचा फोटो राहिला.

आई, हा भाग तुझ्यापुरता, आजीला वाचून दाखवू नकोस. हुसेनबीच्या दाराला कुलूप आहे. भादव्यात फौज आली, त्यानंतर दोन दिवसांत मनियारांची घरं रिकामी झाली. ती जिवंत आहे, मुलीकडे गेली, एवढंच कळतं. पुढे विचारलं की मामाआजोबा उठून गोठ्यात जातात. आल्यावर मी समोर बसून आजीला सांगेन.

मामाआजोबांचा आजोबांना नमस्कार. आजी, तुझे आशीर्वाद रोज पोचतात, तरी एखादा जास्तीचा पाठव, इथे थंडी फार आहे.

तुझा
नरहर

॥ श्री ॥
नारायणगुडा
२ जानेवारी १९४९

चि. नरहर यास आजीचे आशीर्वाद, वि. वि.

फोटो पोचले. लोहाराच्या अंगावरचा कोट माझ्या ओळखीचा आहे, तो पोस्टमास्तरांचा. हिम्मत आणि म्हैस दोघं छान आलीत. त्यातल्या त्यात म्हैस जास्त घरंदाज दिसते.

आता ऐक. तुझं पत्र वाचता वाचता तुझी आई पाणी प्यायला उठली. पौषातली थंडी, मजकूर अर्ध्यात, आणि हिला तहान! परत आली ती एकदम आजोबांच्या नमस्कारावर. मी फोटो हातात घेतले.

विहिरीच्या फोटोत पिंपळ डाव्या अंगाला आहे आणि मारुतीच्या देवळाचं शिखर रहाटाच्या बरोबर डोक्यावर. असं एकाच जागेवरून दिसतं, हुसेनबीच्या ओट्यावरून. तिथे बसून मी जन्मभर हात दाबून घेतलेत. त्या ओट्यावर कुत्रं चढलं तरी ती आतून विचारते, कौन है गे. तू तिथे उभा राहून एवढी खटपट केलीस आणि तिनं तुला हटकलं नाही? आत ओढून चहा पाजला नाही? बाळा, ती घरात असती तर हा फोटो निघालाच नसता. तिनं आधी तुझ्या डब्यात तोंड घातलं असतं.

मी म्हातारी आहे, कच्ची नाही. ती कुठे आहे ते काढ. हिम्मतला विचार. अवघड विषय निघाला की तो गोठ्यात जातो, लहानपणापासूनची सवय आहे. तू मागोमाग जा आणि दाराला आडवा उभा राहा.

रागावले आहे, पण आशीर्वाद कापलेला नाही.

तुझी आजी
(काजळाचं बोट)

ता. क. नरहर, हे सगळं माझ्याविरुद्धचं माझ्याच हातानं लिहावं लागलं. वर विचारत होत्या, तहान भागली का. मी सांगून टाकलं बाबा. आता तूही लपवू नकोस. सौ. आई.

हिरपूर
६ जानेवारी १९४९

ती. आजीस शि. सा. न. वि. वि.

चुकलो. सगळं लिहितो, आईनं अक्षरन् अक्षर वाचावं.

मामाआजोबांनी म्हशीकडे तोंड करून सांगितलं. हुसेनबी गेली त्या दिवशी गाठोडं घेऊन मामाआजोबांच्या दाराशी आली होती. बाजाराकडून आरडाओरडा ऐकू येत होता. लोक आपल्यावरही येतील या भीतीनं मामाआजोबांनी आतून कडी लावली. ती थोडा वेळ उभी राहिली आणि स्टेशनकडे चालू लागली. तेव्हापासून मामाआजोबा विहिरीकडून जात नाहीत, लांबून वळसा घालतात. तिच्या घराला कुणी हात लावलेला नाही. ती परत आली तर हवीच आहे, पण तिला सांगायला तोंड नाही, असं म्हणाले.

आणि आजी, ती तुमच्या हैदराबादेतच आहे. याकुतपुऱ्यात, मुलीच्या सासरी; ते लोक अलीकडेच तिकडे राहायला गेले, असं मामाआजोबांनी शेवटी सांगितलं. पत्ता मागे लिहिला आहे.

रागातला आशीर्वादही मी ठेवून घेतला आहे.

नरहर

॥ श्री ॥
नारायणगुडा
९ जानेवारी १९४९

चि. नरहर यास अनेक आशीर्वाद, वि. वि.

बघ, तिला शोधायला मी नातू एवढ्या लांब पाठवला आणि ती निघाली नदीच्या पलीकडे. काल तुझ्या आईला घेऊन टांग्यानं गेले. हुसेनबीनं माझ्या तोंडाकडे बघायच्या आधी हाताकडे बघितलं आणि विचारलं, ह्या कुणी भरल्या, लोहारानं का? मग आम्ही दोघी रडलो. थोडंच. तिची मुलगी चहा घेऊन आली, मग थांबलो.

मुलगी, जावई जीव लावतात. पण दिवसभर बसून सुपारी कातरते. तिच्या हाताला ते काम शोभत नाही. मी म्हटलं, चल हिरपूरला, हिम्मत शरमिंदा आहे. हिम्मतवर तिचा राग नाही. भ्यालेल्या माणसावर काय रागवायचं, म्हणाली. आदल्या साली तुम्ही भ्यालात, यंदा आम्ही. पण तिचं दुखणं वेगळं आहे. तिचं काम दुसऱ्याच्या हातावर चालतं. गल्लीतल्या बायकांनी हातच पुढे केला नाही, तर त्या घरात बसून ती काय करील? हे विचारलं आणि पुन्हा सुपारी कातरायला लागली.

हिम्मतनं पत्र पाठवून भागायचं नाही. ते तिचा जावई वाचणार आणि त्यालाही मधेच तहान लागणार. म्हणून तू असं कर. गल्लीतल्या बायकांना सांग की फोटो हुसेनबीसाठी आहे, तिला यावं का ते विचारायचंय. येतील त्यांना विहिरीपाशी उभ्या कर. कुणाची मिनतवारी करू नको. जे असेल ते येऊ दे, मी तसंच तिच्यापुढे ठेवीन. मला भीती वाटते आहे, हे तुझ्या आईला लिहू नको म्हटलं होतं, तिनं लिहिलंच.

आशीर्वाद तर देतेच, या वेळी तूही देवाला एक नमस्कार घाल.

तुझी आजी
(काजळाचं बोट)

हिरपूर
१७ जानेवारी १९४९

ती. आजीस शि. सा. न. वि. वि. तिळगूळ पुडीत आहे.

फोटो काढला आणि फसला. गल्लीतल्या तारामतीमामीनं घरोघर जाऊन निरोप दिला. बऱ्याच बायका आल्या. पण समोर मी, परका तरुण. सगळ्यांनी पदर हनुवटीपर्यंत ओढले. तोंडं दाखवा म्हटलं तर मामी म्हणाली, हुसेनबीला तोंडं कशाला हवीत? तिनं हात वर केला, मग सगळ्यांनी केले. भादव्यापासून कुणी बांगड्या भरलेल्या नाहीत. बाजारातला दुकानदार पुरुष, त्याच्या हातात हात कोण देणार? कुणाच्या हातात दोन उरल्यात, कुणाच्या एकच. चेहरा एकही आला नाही, आणि दुसऱ्यांदा उभ्या राहायला तयार नव्हत्या.

टोकाला गंगू आहे. तिचा भाऊ आदल्या साली रझाकारांच्या धामधुमीत मारला गेला. ती आली, शेवटपर्यंत उभी राहिली, पण हात पदराबाहेर काढला नाही. मी तसाच खटका दाबला.

फिल्म घेऊन परभणीला मामाआजोबा स्वतः गेले. मोठी प्रत काढून घ्यायची हे त्यांनाच सुचलं; ती सोबत आहे.

तिळगुळाबरोबर थोडं गोड उत्तर येऊ दे.

नरहर

॥ श्री ॥
नारायणगुडा
२४ जानेवारी १९४९

चि. नरहर यास आजीचे अनेक उत्तम आशीर्वाद, वि. वि.

फोटो घेऊन मी याकुतपुऱ्याला गेले. वाटेत तुझी आई म्हणत होती, यात कोण कोण आहे ते तिला ओळखू कसं येणार? हुसेनबीनं फोटो उजेडात धरला. चेहरे नाहीत हे तिच्या ध्यानातही आलं नाही. एकेका मनगटावर बोट ठेवत गेली. ही तारामती, फार वाळली गे, आजारी होती काय? ही पाटलाची थोरली, हिच्या अंगठ्याचं हाड मुळातच आडमुठं. ही नवीन कोण, कुणाची सून, आणि हिच्या हातात असल्या सैल बांगड्या कुणी घातल्या, पाणी शेंदताना विहिरीत पडतील! सगळ्या गल्लीची खबर तिनं मलाच सांगितली.

मग बोट गंगूपाशी आलं आणि थांबलं. मी सांगणार होते, पण ही गंगू आणि हात का झाकलाय, ते तिला ठाऊक होतं. मला वाटलं, एका हातासाठी हिचं मन फिरणार. ती उठली, मुलीकडून बुरखा मागितला आणि मला घेऊन बांगड्यांच्या लाड बाजारात गेली. ऊन कलेपर्यंत बांगड्या वाजवून वाजवून घेतल्या, दुकानदार रडकुंडीला आला. एकेका हाताच्या मापानं वेगळा जुडगा बांधला, आणि हिरव्या रंगाचा एक गंगूचा. तिचं माप फोटोत दिसत नाही, पण ते तिला पाठ आहे.

मी विचारलं, गंगूनं हात पुढे केला नाही तर? म्हणाली, तो हात आता कडक झालाय. कडक हाताला घाई केली तर बांगडी वाढते. तेल लावून बसायचं, दुसरं काही बोलायचं. मग तो आपसूक सैल होतो, नाही झाला तर दुसऱ्या दिवशी पुन्हा बसायचं.

शनिवारच्या गाडीनं आम्ही दोघी येतो. रथसप्तमीपर्यंत हळदीकुंकू आहे, तोवर सगळ्यांचे हात भरून होतील. टोपली मीच धरणार आहे, ती मला धरू देत नाही, त्यावरून भांडण चालू आहे. गंगूचा जुडगा तिनं तळाशी, कापसात ठेवलाय.

बाकी लोभ समोरासमोर.

तुझी आजी
(काजळाचं बोट)