काडेपेटीतली राख

हारूव टेकडी, उत्खननाची छावणी
तामूझ महिना, बुधवार दुपार

प्रिय अब्बा,

शालोम. मी मजेत आहे, तुम्हीही असालच. गुडघ्याला तेल लावता की नाही? खतूनमावशींनी दिलेले खिम्याचे कुब्बे वेळेवर संपवा. तुमच्या फ्रीजमध्येही खणायची वेळ माझ्यावर आणू नका.

इथे पहाटेच काम सुरू होतं आणि ऊन टेकडीवर चढलं की सगळे आडवे होतात. मी तंबूबाहेर काळ्या जाळीखाली बसलेय. झाडांवरचे किडे किर्र ओरडताहेत. जरा डोळा लागला की टेकडीवर माणसं दिसू लागतात. एक बाई कमरेवर टोपली घेऊन तटाकडे निघालेली असते. मी हाक मारते, ती वळायला लागते आणि मला जाग येते. रोज तीच बाई. झिवा, आमच्याकडे खापरांचं काम बघते ती, म्हणते, "ऊन लागलंय तुला. टोपी घालत जा!"

कामाचं म्हणाल तर चाललंय. उताराचा चर खोल गेलाय, तटाचा पाया सुरेख लागलाय. द्राक्षं यंदा गोड आहेत.

टेकडीवर लावायच्या फलकाचा मजकूर मिळाला. "यहोशवाने जाळलेले नगर ते हेच", आणि खाली तुमचं नाव. आपल्या वस्तीचे लोक तुमच्यासाठी एवढं करताहेत, याचा मला किती आनंद झाला म्हणून सांगू! मजकुराबद्दल कळवतेच. दगड कोरायला द्यायची घाई मात्र करू नका.

तुमची,
यिस्का


शुक्रवार, शब्बाथचे दिवे लागण्याआधी

अब्बा,

बुधवारी मी तुम्हाला द्राक्षांबद्दल लिहिलं. उत्तर लिहायचं टाळणारा विद्यार्थी कशी पानं भरतो, ते तुमच्याइतकं कुणाला कळणार? मला उत्तर येत होतं.

हे नगर कधी जळलंच नाही.

जळालेल्या गावात विटा भाजून लाल झालेल्या असतात, छपरं कोसळून भांड्यांवर पडलेली असतात. इथे तसलं काही नाही. तुम्ही दर वसंतात शाळेच्या मुलांना टेकडीवर न्यायचात, यहोशवानं नगरं जिंकून जाळल्याचा धर्मग्रंथातला अध्याय वाचायचात, मेंढ्याचं शिंग फुंकायचात. शिंगं फुंकून तट पाडला तो यरीहोच्या गोष्टीत, टेकडी आपली. पण तुम्हाला विचारणार कोण? मग उतारावरची काळी माती चिमूट चिमूट प्रत्येकाच्या काडेपेटीत घालायचात. "जपा रे, हा पुरावा आहे!" मी दुसरीत मिळालेली काडेपेटी अजून जपलीय. तिच्यामुळेच मी या कामाला लागले.

ती काळी माती आम्ही चाळली. मेंढरांच्या लेंड्यांची राख, ऑलिव्हच्या बिया, करपलेली मसूर, फुटक्या तंदूरचे तुकडे. बायका भाकऱ्या भाजायच्या आणि राख तटावरून खाली ओतायच्या, बस्स. बियांची वयं प्रयोगशाळेतून आली आहेत. काही यहोशवाच्या गोष्टीच्या आधीच्या, काही त्याच काळातल्या, काही नंतरच्या. मध्ये कुठे खंड नाही. इथल्या चुली पेटतच राहिल्या.

झिवा खो खो हसली. "म्हणजे तुझ्या अब्बांनी जन्मभर पोरांना उकिरडा वाटला की गं!" मीही हसले. मग पाण्याच्या टाकीमागे जाऊन रडले. हे तुम्हाला कसं सांगायचं याची मला भीती वाटत होती. अजून वाटतेय.

पण चाळणीवर वाकले होते तेव्हा त्या राखेला वास आला. म्हणजे येणं शक्य नाही, पण मला आला. आपल्या अंगणातल्या तंदूरचा. बगदादहून आल्यावर आईनं स्वतःच्या हातानं घातलेला तो. आई राख कुंपणापलीकडे फेकायची आणि तुम्ही रोज कुरकुरायचात. "नईमा, तो काय उकिरडा आहे?" "मग काय तुमच्या पुस्तकांवर ओतू?" ती गेल्यापासून तंदूर थंड पडलाय.

काल दुपारी ती टोपलीवाली बाई पुरती वळली, अब्बा. तिचा चेहरा मी पाहिला. तुम्हाला सांगायला नकोच.

फलक तुमचा आहे. खोटं वाक्य मी त्यावर जाऊ देणार नाही, आणि तुमच्या पाठीमागे ते बदलणारही नाही. काय लिहायचं ते तुम्हीच सांगा. रागवायचं असेल तर आधी रागवा.

तुमच्या दुसरीच्या वर्गातली,
यिस्का


अव महिना, रविवार

यिस्का,

पत्र पोचलं. रागावलो. शब्बाथच्या दिवशी रागावू नये, तरी रागावलो. झिवाला सांग, त्या राखेला उकिरडा म्हणायचा हक्क एकट्या माझा होता, आणि तोही नईमानं कधी चालू दिला नाही.

आता उपास जवळ आलाय. दरवर्षीसारखा जमिनीवर बसून आपल्या जळालेल्या यरुशलेमसाठी रडेन. आणि दर वसंतात दुसऱ्यांचं नगर कसं जळलं, ते मी मुलांना शिंग फुंकून सांगत आलो. दोन्ही गोष्टी शेजारी ठेवून कधी पाहिल्या नाहीत. तुझं पत्र पुन्हा वाचलं आणि वाटलं, चला, एक नगर तरी जळायचं वाचलं. बरं वाटलं, पोरी. खरंच बरं वाटलं.

फलकावर लिहा: "इथे भाकरी भाजली जात होती." खाली माझं नाव नको, नईमाचं घाला. वस्तीतल्यांशी मी बोलतो. शिंग मात्र सोडणार नाही. जेवायला हाक मारायला काहीतरी लागतंच.

आज सकाळी फावडं घेऊन कुंपणापलीकडे गेलो. गवताखाली अजून काळं आहे. येताना तुझी काडेपेटी आण. इथलीही चिमूटभर तिच्यात घालू.

वाट बघतोय.

नईमाचा शाऊल,
तुझा अब्बा