पप्पांचं जहाज

सालीना बेट, मंगळवार

प्रिय पप्पा,

इथे सगळं ठीक आहे. मारिलेनाचा लग्नाचा झगा अखेर कमरेत नीट बसला. तुमचा गुडघा कसा आहे?

प्रवासात एक छोटासा बदल आहे. आईची आणि तुमची गाठ पडू नये म्हणून मी तिला आदल्या दिवशीच्या मोठ्या जहाजात आणि तुम्हाला लग्नाच्या सकाळच्या लहान, वेगवान बोटीत बसवलं होतं. धक्क्यावरचा बार्तोलो हसला. "पोरी, सिरोको वारा सुटला की ती बोट येतच नाही! नवरीचा बाप काय पलीकडे बसून माशा मारणार?"

वारा कालपासून फिरलाय. तुम्हा दोघांना लांब ठेवण्यात मी तुमचं भलं पाहिलं की माझी सोय, हे मला अजून ठरवता येत नाही.

मारिलेना म्हणते, "पप्पांचा हात धरल्याशिवाय मी चर्चची पायरी चढणार नाही." हसत म्हणते, पण सारखी गच्चीवर जाऊन समुद्र बघून येते.

तुम्हीही मोठ्या जहाजानेच याल का? आईला फोन करून विचारलं, तिला चालेल का. आधी तिने जहाजाची वेळ पुन्हा विचारून घेतली. मग म्हणाली, "ये म्हणावं त्यांना. बोट लागली की त्यांना लिंबू लागतं, ते मी घेईन."

वाट पाहणारी,
फियोरेन्झा