सुमनच्या माहेरचा पाळणा

२ फेब्रुवारी १९६१, मालवण
शाळेत शिकवून घरी आलो तर माजघरात नुसत्या कड्या. पाळणा आईने विकला. कुडाळचा भिकूशेट, जुन्या वस्तू घेतो, तो दुपारी येऊन गेला. आमचं बाळ जाऊन महिनाही नाही झाला. आई म्हणाली, "डोळ्यांसमोर ऱ्हवलो तर तां रडतच ऱ्हवतलां." सुमन रडली नाही. जेवलीही नाही. पाळण्यावर सावंतवाडीचं लाखकाम, तिच्या आजीच्या वेळचं. ती स्वतः त्यात वाढली.

८ फेब्रु., बुध.
अर्धी रजा. कुडाळचा बाजार. भिकूशेटकडे समया, हंडे, मागे पाळणा टांगलेला. आधी समईचा भाव विचारला, मग सहज म्हणून पाळण्याचा. पण हात केव्हाच त्याच्या दांडीवर गेला होता. त्याने पाहिला. साठ म्हणाला. आईला वीस दिले होते. मी तीस म्हटलं, मग चाळीस. मी चढलो तसा तोही चढला. शेवटी सगळं सांगून टाकलं. म्हणाला, "तुमचा म्हणान पंचावन." खिशात तेवढे नव्हते. ठेवून घे म्हटलं. मान हलवली, हो की नाही कळलं नाही.

११ फेब्रु.
सु. रिकाम्या कड्यांखाली बसून असते. हाक मारली तर ओ देते, एवढंच. तिचा भाऊ दत्ता आला होता. माझ्याकडून पैसे घेतले. "तुमका घासाघीस जमणा नाय. माका तो वळखणा नाय, मी जातंय."

१५ फेब्रु., बुध.
दत्ता हात हलवत आला. पाळणा गेला. रेडीच्या खाण-कचेरीतल्या कारकुनाने नेला. भाव न करता, म्हणे.
सु.ला काय सांगू

१९ फेब्रु., रवि.
रेडी. रस्ताभर तांबडी धूळ. कारकून बंदरावर गेलेला, बायको दारात आली. आत पाळणा, त्यात मूल झोपलेलं, मूठ तोंडाशी. आल्याचं कारण सांगितलं. सत्तर देतो म्हटलं. तिने पदराने डोळे पुसले. "पैशे नको. माका ह्याचो भाव करूचो नाय. व्हयो तर घेवन जावा." आणि मूल उचलू लागली. ते जागं झालं, रडायला लागलं.
राहू दे म्हटलं. चहा तसाच टाकून निघालो.

२० फेब्रु.
सु.ला सगळं सांगितलं. तिने एकच विचारलं, मुलगा की मुलगी. मुलगी, म्हटलं. आई स्वयंपाकघरातून म्हणाली, सावंतवाडीला दुसरा करून मिळेल. सु. उठून परसात गेली. दिवेलागणीपर्यंत आत आली नाही.

२५ फेब्रु., शनि.
आज सु.ने कित्येक दिवसांनी वेणी घातली. म्हणाली, "माका रेडीक घेवन चला." पाळणा आणायला की नुसता बघायला, विचारलं.
"थंय गेल्यार कळतला."
आई म्हणते नेऊ नको, त्या पोरीला पाहून हिचं काय होईल. मलाही तीच धास्ती. पण नको म्हणवलं नाही. उद्या पहिल्या एसटीने. सत्तर रुपये पाकिटात घातले, काढले, परत घातले.