स्वयंपाकाच्या वहीतलं दारूचं माप

लुईसटाउन, माँटाना
१० ऑगस्ट १९५८

चि. आस्मुंड यास,
अ. उ. आ. आणि वर एक चिमटा, दोन महिने पत्र नाही म्हणून.

गवत कापून झालं एकदाचं. आम्ही सगळे बरे आहोत, माझा उजवा खांदा सोडून. दोन वर्षांमागे गोठ्याच्या शिडीवरून पडले, तेव्हापासून तो रुसलाय. डॉक्टर म्हणतात हात वर जाईल, पण दणका सोसणार नाही.

आता मुद्द्याचं. गेल्या नोव्हेंबरात मी पेडरच्या मोठ्या रायफलीने एका हरिणीवर बार टाकला. ती रायफल घोड्यासारखी लाथ मारते. खांदा आधीच भेदरलेला, चाप ओढताना मी डोळे मिटले. हो, मिटले. तुला म्हणून सांगते. हरिणी पोटात गोळी घेऊन पळाली. दोन दिवस रक्ताच्या मागावर हिंडलो, मिळाली नाही. पस्तीस वर्षांत माझ्या हातून असं झालं नव्हतं रे. यंदा पेडर म्हणतो, तू तंबूतली चूल सांभाळ. मायेनेच म्हणतो, पण मला ते फार लागलं.

तेव्हा आईची रायफल पाठव. उसनी. हलकी आहे ती, धक्का म्हणशील तर मांजराने पंजा मारावा तेवढा. पंधरा वर्षं तुझ्या शेकोटीवर टांगलेली आहे आणि बोर्गहिल्डने तिच्यावर वेल चढवलाय असं कानावर आलं. तक्रार नाही हो माझी. आई गेल्यावर तुला रायफल मिळाली, मला कॉफीचे बारा कप मिळाले, त्यातला एक बिनकानाचा. मुलगा तो मुलगा. नाताळाआधी परत करीन. आणि हेही लिहून देते: यंदा एका गोळीत एक हरीण नीट पडलं नाही, तर मी आपण होऊन बंदूक खाली ठेवीन आणि चूल सांभाळीन. पेडरला तसं सांगून टाकलंय.

बोर्गहिल्डला आशीर्वाद. माया आहे तेवढी राहू दे, वेल काढलास तरी.
तुझी,
रॅग्नाताई


टकोमा
१८ ऑगस्ट १९५८

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पत्र पावलं. बिनकानाचा कप दरवर्षी नाताळाच्या पत्रात येतो, यंदा ऑगस्टातच आला. वेल काढला. बोर्गहिल्ड फुरंगटून बसली आहे, ते पाप तुझ्या माथी.

रायफल पाठवतो, पण दुकानातली काडतुसं तिच्यात घालू नकोस. नळी अडतीस वर्षांची झाली, आणि प्रत्येक जुन्या नळीच्या आवडीनिवडी वेगळ्या असतात. काडतुसं मी घरी भरतो. जहाजाच्या कारखान्यात तीस वर्षं केसाएवढ्या मापावर काढली, हे माझंच काम. आईच्या रिकाम्या पुंगळ्या डबाभर आहेत माझ्याकडे. आई त्यात दारू किती घालायची ते तेवढं तिच्या वहीत असेल, आणि वही तुझ्याकडे. पान उतरवून पाठव.

गोळी सत्त्याऐंशी ग्रेन वजनाची वापरायची, एवढं मला आठवतं. ताई, ती गोळी खारी मारायला ठीक. हरणाला शंभर ग्रेनची हवी, जड गोळी आत खोलवर जाते. आईच्या काळी दुसरं काही मिळत नसेल, म्हणून तिने चालवून घेतलं. आता दुकानं भरलेली आहेत.

डोळ्यांचं मनाला लावून घेऊ नकोस, पेडरदाजींच्या बोलण्याचंही नको. दाजींना नमस्कार.
तुझा आज्ञाधारक (जमेल तितका),
आस्मुंड


लुईसटाउन
२७ ऑगस्ट १९५८

चि. आस्मुंड यास,
अ. उ. आ.

आईने म्हणे चालवून घेतलं! अरे, पाद्रीबाबा दारात उभे असताना कॉफी पातळ झाली म्हणून जिने अख्खी किटली ओतून दिली आणि नव्याने चढवली, ती बाई गोळीच्या बाबतीत चालवून घेईल होय? शहरात राहून तू आईला विसरलास.

पान उतरवलंय. लेफ्सेच्या पोळ्या आणि खारवलेली हेरिंग मासळी यांच्या मधोमध आहे. घरात दारूचा थेंब येऊ दिला नाही त्या बाईने, आणि तिच्याच स्वयंपाकाच्या वहीत दारूचं माप! गोळी ८७. दारू ३१, लाल डब्यातली. त्याखाली लिहिलंय, "हलक्या हाताने. घाई नको." हे काडतुसाचं की हेरिंगचं, ते देवाला ठाऊक. आकडे मी आईच्या वळणाने, रेघन् रेघ तसेच काढलेत, म्हणजे मी काही बदललं असं म्हणायला तुला जागा नको.

खांद्याला रोज ऊनऊन शेक देते. पेडर गालात हसतो, हसू दे.
आहे तो लोभ सत्त्याऐंशीवर टिकवावा,
रॅग्नाताई


टकोमा
२२ सप्टेंबर १९५८

ती. ताईस,
सा. न., आणि या वेळी खरोखर साष्टांग.

कान धरतो. तुझं न ऐकता शंभराच्या गोळ्या भरल्या आणि शंभर पावलांवर कागद लावला. पाच बार टाकले. जवळ जाऊन बघतो तर छिद्रं गोल नाहीत, लांबट, कुलपाच्या भोकासारखी. गोळ्या कागदावर आडव्या होऊन आदळत होत्या. मग घरी येऊन गजाला घट्ट चिंधी बांधली, नळीतून ओढली आणि तो किती फिरतो ते मोजलं. नळीच्या आतल्या खाचांचा पीळ फारच संथ आहे, चौदा इंचांत जेमतेम एक फेरा. एवढ्याशा फिरकीवर लांब, जड गोळी तोल धरत नाही, दमलेल्या भोवऱ्यासारखी डुलते. सत्त्याऐंशीची आखूड गोळी मात्र सरळ गेली. आईला पीळ मोजायला कुणी शिकवलं नव्हतं. तिने कागदाकडे बघून ठरवलं असणार. आणि मी तीस वर्षांचा मोजमापवाला.

पण ताई, दारू सदतीस ग्रेन? त्या लाल डब्याची पूड अजून मिळते. माझं काडतुसं भरायचं पुस्तक म्हणतं, बत्तीसच्या पुढे जाऊ नका. मी तिसापासून सुरुवात केली, अर्ध्या-अर्ध्या ग्रेनने चढत गेलो. तेहतीसला नळी मागून बंद करणारा रायफलीचा खटका अडकला, लाकडी दांड्याने ठोकून उघडावा लागला, आणि पुंगळीच्या बुडाची टोपी पार चपटी झालेली, म्हणजे आत दाब फारच झाला. आता पुस्तकवाल्यांचं ऐकावं की आईचं? आत्ताच तिने मला एकदा तोंडघशी पाडलंय, दुसऱ्यांदा पडायची माझी तयारी नाही. येत्या रविवारी चौतीस भरून बघतो, मग पुढे चढेन. सदतीस पेलायची आपली आई! कारखान्यात सगळ्यांना सांगून झालंय, ऊर भरून येतो.

दाजींना नमस्कार.
तुझा,
आस्मुंड


तार
२६ सप्टेंबर १९५८

बार टाकू नकोस. सात नाही एक आहे. पत्र मागून येतंय. रॅग्ना


लुईसटाउन
२६ सप्टेंबर, तार करून आल्यावर

आस्मुंड,
आज आशीर्वाद नाही, आधी बोलणी खा.

तुझं पत्र दुपारी हातात पडलं आणि मी तशीच गाडीत जाऊन बसले. पेडरने गाडी कशी हाकली ते विचारू नकोस. तारेच्या खिडकीवरच्या पोरीला वाटलं घरात कुणी गेलं.

आईच्या एकाचं नाक लांब असतं, परक्याला तो सात वाटतो. तिच्या साताच्या कमरेला आडवा पट्टा असतो. पान काढून बघ, त्याच ओळीत सत्त्याऐंशीतल्या साताला पट्टा आहे, पुढच्या आकड्याला नाही. तू शाळेतल्या बाईंकडून आकडे शिकलास, मी आईकडून. चूक माझीही आहे. तिच्या वळणाने काढायचा तोरा मी मिरवला, आणि अक्षरात एक शब्द लिहायचा आळस केला. मला भाऊ एकच आहे. हरीण नाही मिळालं तर मी चूल सांभाळीन, पण तुझा डोळा गेला असता तर कुणाला तोंड दाखवलं असतं?

तार पोचल्याचं कळव. तोवर घास उतरणार नाही.
र.


टकोमा
६ ऑक्टोबर १९५८

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तार पोचल्याचं उलट तारेने कळवलंच आहे, जेवलीस ना? चौतीसच्या सहा पुंगळ्या भरून टेबलावर मांडलेल्या होत्या. एकेक उघडली आणि त्यातली पूड बोर्गहिल्डच्या गुलाबांना खत म्हणून घातली, तेवढीच तिची समजूत. मग भिंग घेऊन तुझं पान पाहिलं. पट्टा आहे. इतका ठळक आहे की मला कसा दिसला नाही याचंच नवल. सदतीस मला हवा होता, म्हणून सदतीस दिसला.

आईच्या मापाने भरून तीन बार टाकले. कागद सोबत ठेवलाय. तिन्ही छिद्रं कॉफीच्या कपाखाली झाकली जातात. खटका लोण्यात सुरी फिरावी तसा फिरतो. रायफल आणि चाळीस काडतुसं आजच्या गाडीने पाठवतोय. हरीण आडवं उभं असेल आणि शंभर पावलांच्या आत असेल तरच बार टाक. हे मी तुला सांगतोय, बघ काय दिवस आलेत.

तुझ्या खांद्याची काळजी असलेला,
आस्मुंड


लुईसटाउन
२ नोव्हेंबर १९५८

चि. आस्मुंड यास,
अ. उ. आ., आज भरभरून.

पहिल्या तीन दिवसांत दोन हरणं दिसली. एक तिरकं उभं होतं, एक फार लांब. दोन्ही सोडून दिली. तंबूत पेडरने कढई माझ्याजवळ सरकवून ठेवली. मी ती परत त्याच्याजवळ सरकवली.

चौथ्या सकाळी ओढ्याच्या वळणावर एक नर आडवा उभा राहिला, सत्तर पावलांवर. मी गुडघा टेकला, दस्ता खांद्याला लावला आणि मनात म्हटलं, हलक्या हाताने, घाई नको. आस्मुंड, माझे डोळे उघडे होते. धक्का बसला की नाही ते आठवतही नाही. तो पंधरा पावलं चालला, बसला आणि मान टाकली. एकच पुंगळी रिकामी. मी त्याच्याजवळ बसून बराच वेळ रडले, गेल्या वर्षीच्या हरिणीसाठीही.

पेडर आवाजावर धावत आला. हरणाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, डोक्यावरची टोपी काढली. मग तंबूत जाऊन कॉफी केली. फार वाईट केली. मी दोन कप प्यायले. मला अभिमान वाटतो हे लिहायला मी लाजत नाही. आईचा वाटतो, तुझा वाटतो, आणि या वयात स्वतःचाही वाटतो.

मांसाचं पार्सल निराळं पाठवते. रायफल साफ करून तेल लावून ठेवली आहे. ठरल्याप्रमाणे नाताळाआधी धाडते.
तुझी,
रॅग्नाताई


टकोमा
१२ नोव्हेंबर १९५८

ती. ताईस,
सा. न.

पत्र बोर्गहिल्डला मोठ्याने वाचून दाखवलं, अर्ध्यावर तिच्या हातात दिलं, पुढचं तिने वाचलं. तिनेच मला हे पत्र लिहायला बसवलंय.

रायफल धाडू नकोस. ती उसनी नव्हती. आई गेली त्याच्या आदल्या दिवशी दवाखान्यात मी एकटा होतो. ती म्हणाली, "रायफल रॅग्नाची." एवढंच. नीट ऐकू आलं होतं मला. अंत्यविधीनंतर ओलाकाकाने मुलगा म्हणून सगळ्यांसमोर ती माझ्या हातात दिली आणि मी घेतली. आज सांगू, उद्या सांगू, असं करत पंधरा वर्षं गेली. एकही हरीण मारलं नाही मी तिने. तू कपाचं लिहायचीस आणि मी हसण्यावारी न्यायचो.

त्या कपाचा कान मी तोडला होता, सहा वर्षांचा असताना. आईने मारलं नाही. पुढे काडतुसं भरताना त्यात दारू ओतून ठेवायला लागली, कान नाही म्हणजे कुणी चुकून कॉफी घेणार नाही म्हणून.

भिंतीवर आता मी तो आडव्या छिद्रांचा कागद लावलाय. लोक विचारतात, तेव्हा आईने मला कसं खोटं पाडलं ते सांगतो. तुझ्या हरणाचंही सांगतो. माझं काय ते तू ठरव.
आस्मुंड


लुईसटाउन
२५ नोव्हेंबर १९५८

चि. आस्मुंड यास,
अ. उ. आ. लिहायला दोन दिवस लागले, त्यात समजून घे.

रागावले. खूप रागावले. गोठ्यात जाऊन गाईंना सगळं सांगितलं, त्यांनाही तुझं वागणं पटलं नाही. पंधरा हंगाम गेले माझे. ते तू भरून देऊ शकत नाहीस आणि मी मागतही नाही.

पण आई माझं नाव घेऊन गेली, हे मला आज कळलं. इतकी वर्षं मला वाटायचं, तिलाही मुलगाच दिसला. त्या एका वाक्यासाठी तुला माफ केलं, आणि ते उशिरा सांगितलंस म्हणून नाताळात इथे येऊन दहा दिवस लाकडं फोडायची. बोर्गहिल्डने फक्त बसून खायचं.

सोबत कप पाठवते, बिनकानाचा. कापसात गुंडाळलाय. आता तो तुझा, दारू ओतायला ठेव. पुढच्या हंगामाची काडतुसं तूच भरायची आहेस, आणि माप यंदापासून मी अक्षरात लिहिणार आहे.

गोळी सत्त्याऐंशी. दारू एकतीस.

आईची मुलगी,
रॅग्ना