तिसऱ्या हेडफोनमधली टकटक

नाना, आज कोठीच्या बाजारात तीन हेडफोन कानाला लावून पाहिले आणि तिन्हींत तुम्हीच होतात. लोक असल्या परीक्षेला गाणी लावतात. मी तुमचं सकाळचं स्तोत्र लावलं, तुम्ही गेलात त्याच्या आधीच्या उन्हाळ्यात मी मोबाइलवर घेतलेलं. दुकानदार काउंटरवर कोपरं टेकून म्हणाला, "गाना लगाओ ना मॅडम, बेस का मालूम होता." मी सांगितलं, वडिलांचा आवाज आहे, यातच पाहायचंय. तो एकदम सरळ उभा राहिला. "वालिद साब का? फिर तो साफवाला होना."

हेडफोन आईसाठी. ती रोज सकाळी, मी ऑफिसच्या मीटिंगला लॅपटॉप उघडते नेमकी त्याच वेळी, तुम्हाला लावते. ऐकू कमी येतं म्हणून फोन कानाला चिकटवून, आवाज पूर्ण वाढवून. मागच्या आठवड्यात मीटिंगमध्ये कोणीतरी विचारलं, घरी सत्यनारायण आहे का. सगळे हसले, आणि मी उठून आईला म्हटलं, "हळू लाव ना गं, ते काय आता पळून जाणारेत?" तिने हळू नाही केलं, बंद केलं. त्यानंतर लावलंच नाही. तुम्ही असतात तर मला वर्गाबाहेर उभं केलं असतंत. तुम्ही नाही, म्हणून मी आपण होऊन कोठीला गेले.

पहिला वायरचा, कानात खुपसायचा, सगळ्यात स्वस्त. त्यात तुमचे श, ष, स एकाच पंगतीला बसलेले. एका 'ष'साठी तुम्ही पोरांच्या जिभा किती उलट्या करायला लावल्यात, आणि हे फळ. दुसरा गळ्यात अडकवायचा. त्याचा बेस असा, की तुम्ही विहिरीत उतरून पाठ म्हणताय. विसर्ग बुडाले, मागचा पंखा बुडाला, पण आवाजाला काय भारदस्तपणा! तुम्हाला आवडला असता, उगाच मान हलवू नका. तिसरा कानावर गादीसारखा बसणारा, दुसऱ्याहून थोडाच महाग. त्यात तुम्ही समोर आसन टाकून बसलात. प्रत्येक अक्षर धुऊन वाळत घातल्यासारखं, आणि अक्षरांच्या मध्ये श्वास. चरणाच्या मधोमध घेतलेला, तुटका, शिट्टीसारखा बारीक. आणि लगेच टकटक.

घरात येता-जाता ते स्तोत्र माझ्या कानावर पडत असतं, शेवटपर्यंत मी ते कधीच ऐकलं नाही. ती टकटक मी शेजारच्या स्वयंपाकघरातली समजत होते. ती माझी होती. श्वास चरणाच्या शेवटी, हा तुमचा नियम. पाठ म्हणताना कोणी मध्येच दम घेतला की तुम्ही बोटाच्या पेराने टेबलावर वाजवायचात आणि त्याने ओळ पहिल्यापासून घ्यायची. माझ्या वाट्याला तर तुमची घरची शिकवणीही आली. माझं सगळं बालपण त्या पेराखाली गेलं. त्या दिवशी टेबलापाशी मी बसले होते. तुम्ही दम घेतलात आणि मी वाजवलं. काय खूश झाले होते मी! पुढे पुन्हा दम, पुन्हा माझं पेर. तुम्ही प्रत्येक वेळी ओळ पहिल्यापासून घेतलीत. मला त्यात पाठाचा दोष ऐकू आला. आजार डॉक्टरांना ऐकू आला, पावसाळ्यात, छातीला नळी लावून.

त्या पहिल्याच टकटकीवर मी तिसरा हेडफोन कानावरून ओढून काढला. आईच्या कानात हे जाऊ नये, एवढंच डोक्यात होतं. म्हटलं, गळ्यातला द्या. दुकानदाराला पटेना. "बेसवाला? वालिद साब के लिए?"

"हौ," मी म्हटलं, "उनको भारी आवाज पसंद थी." तुमच्या नावावर एक खोटं कारणही खपवलं.

हिमायतनगरला घरी येऊन आईच्या गळ्यात ते घातलं, स्तोत्र लावून दिलं. तिने डोळे मिटून सगळं ऐकलं. मग काढून हातात धरून बसली.

"कसा आहे?"

"छान आहे गं. देवळात बसल्यासारखं वाटतं. पण यात तुझी टकटक येत नाही."

"कसली टकटक?"

"घे! विसरलीस? तू वाजवायचीस नि ते हसायचे. 'बरं, गुरुजी' म्हणायचे नि मग ओळ घ्यायचे. फोन कानाला लावला की बारीक येतं." वायर गुंडाळून तिने ते माझ्याकडे दिलं. "तेवढ्यासाठी तर लावते मी. स्तोत्र काय, पाठच आहे मला."

"आणि त्यांना दम लागलेला? तोही येतो?"

"येणारच की. दमावरच तर हसले ते."

आता ती आत भाजी निवडतेय आणि मी हे लिहितेय. आबिड्सच्या मोठ्या पोस्टात नेऊन दिलं तरी तिथल्या लोकांना तुमचा पत्ता लागायचा नाही, तेव्हा हे इथेच राहील. आईला म्हटलंय, उद्या सकाळी जाऊन तिसरा आणते. नाना, तुमचं ते हसणं मी अजून ऐकलेलं नाही. फोन इथेच, हाताशी आहे.